अ‍ॅप बंद, गाडी चालू

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही माझे डोके भणभणते. नोकरीत असे गुन्हे पुष्कळ पाहिले, ज्यांत गुन्हा कोणी केला हेच महिनोन्‌महिने कळत नव्हते. इथे सगळे उलटे होते. गाडी कोण चालवत होता हे मला पहिल्या तासाभरात कळले. त्याने ते कबूलही केले. तरीही पुढचे दोन महिने मी घाण्याच्या बैलासारखा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिलो. त्यातली बहुतेक माणसे अजून नागपुरातच आहेत, म्हणून कोणाचे नाव लिहीत नाही.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो. एप्रिल महिना होता. सकाळी साडेअकराच्या सुमारास ठाण्याला फोन आला की रामदासपेठेत एका दवाखान्याजवळच्या वळणावर अपघात झाला आहे. आमचे ठाणे तिथून जवळच. हवालदाराला घेऊन पाच मिनिटांत पोहोचलो, तर तिथे अपघातच नव्हता. जखमी नाही, गाडी नाही. रस्त्यावर ब्रेकच्या लांबलचक काळ्या खुणा, एक चप्पल, एक्स-रेचा मोठा खाकी लिफाफा, आणि फुटपाथवर पार्सलच्या खोक्यांचा ढीग. लहानमोठी चाळीस-पन्नास खोकी असतील. दोन माणसे त्यांवरची नावे वाचत उभी होती. त्यांना मी आधी हाकलले.

समोरच्या इमारतीचा सुरक्षारक्षक म्हणाला, "साहेब, गाडीवाल्यानंच उडवलं आनं गाडीवाल्यानंच उचललं. डबे सारे खाली फेकले, मानसाले आत झोपवलं आनं गेला दवाखान्यात."

त्याने सांगितले तसेच घडले होते. दवाखान्याच्या दारात एक जुनी व्हॅन उभी होती. मागच्या सीट काढून टाकलेल्या. पस्तिशीचा एक माणूस भिंतीला टेकून उभा होता, शर्ट रक्ताने भरलेला आणि खिशातला मोबाईल सारखा वाजत होता. तो उचलत नव्हता आणि बंदही करत नव्हता.

"गाडी कोणाची?" मी विचारले.

"माहीच जी."

"माल कोणाचा?"

"कंपनीचा."

"म्हणजे तू कंपनीच्या कामावर होतास."

"नाही जी. अ‍ॅप बंद होतं. मी घरी जाऊन राहिलो होतो."

अ‍ॅपबद्दल किंवा तो कुठे जात होता याबद्दल मी अजून काही विचारलेच नव्हते. अ‍ॅप म्हणजे मोबाईलमधली ती व्यवस्था, जिच्यावर या चालकांना कोणते पार्सल कुठे द्यायचे ते दिसते. सकाळी गोदामात ती चालू करायची, काम संपले की बंद करायची. त्याचे म्हणणे असे की ती बंद होती, म्हणजे तो कामावर नव्हता. राहायला तो वाडीला, अमरावती रस्त्यावर, गोदामांच्या मागच्या भाड्याच्या खोलीत. वाडी पश्चिमेला. ब्रेकच्या खुणा मात्र पूर्वेकडे जात होत्या. आणि घरी निघालेल्या माणसाच्या गाडीत अर्धी पार्सले शिल्लक कशी, हेही मला कळेना. पण आत डॉक्टर धावपळ करत होते. मी ते तेवढ्यावर सोडले.

जखमी माणूस दुपारी तीनच्या आसपास गेला. वय पन्नासच्या पुढे. जवळच्या एका एक्स-रे केंद्रात तो कारकून होता. एका पेशंटचा रिपोर्ट दुसऱ्या दवाखान्यात पोचवायला पायी निघाला होता.

निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल झाला. फिर्याद, पंचनामा, चालकाचा जबाब, सगळे त्याच दिवशी. गुन्हा जामिनाचा होता. संध्याकाळच्या आत त्याचा गोदामातला सुपरवायझर जामीनदार घेऊन हजर झाला. कडक इस्त्रीचा शर्ट, दोन हातांत दोन मोबाईल. मला म्हणाला, "साहेब, हा बिचारा घरी जाऊन राहिला होता. अ‍ॅप बंद होतं. तुम्ही पाहून घ्या न."

दोन माणसे एकच गोष्ट सांगतात तेव्हा शब्द थोडे इकडेतिकडे होतात. शब्दही तेच आणि त्यांचा क्रमही तोच असला, की ती गोष्ट कोणीतरी एकाने तयार करून दुसऱ्याला दिलेली असते, एवढे तीस वर्षांच्या नोकरीत शिकलो होतो. पण कशासाठी? अपघात करून पळालेला माणूस खोटे बोलतो ते समजते. हा पळाला नव्हता. 'चूक माझीच' म्हणत होता. मग उरलेल्या अर्ध्या वाक्यात खोटे कशाला, ते माझ्या लक्षात येईना.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी सुरू झाली. पार्सले मुद्देमाल म्हणून जप्त झाली होती, एकूण सेहेचाळीस. चालकाचा मोबाईलही जप्त. मुद्देमाल सांभाळणारे आमचे हवालदार वयस्क, सगळे नीट नोंदवून ठेवणारे. तो मोबाईल त्यांच्या टेबलावर दिवसभर वाजत होता. ते उचलून "पोलीस ठाणे" म्हणत आणि पलीकडचा माणूस फोन ठेवून देई. एकाने तर उलट दरडावले, "माझा बूट कुठे आहे?" हवालदार म्हणाले, "साहेब, एवढ्या वर्षांत लोकांनी माझ्याकडे चोर मागितले, मुलं मागितली, बूट पहिल्यांदाच."

तिसऱ्या दिवशी एक बाई प्रत्यक्षच आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, डोक्याला उन्हाचा पांढरा रुमाल. त्यांचे मिक्सरचे भांडे आमच्या ताब्यात होते.

"न्यायालयाचा आदेश झाल्याशिवाय देता येत नाही," मी सांगितले.

"भांड्यानं काय गुन्हा केला?"

"भांड्यानं नाही केला, बाई. पण ते साक्षीदार आहे."

त्या खुर्ची ओढून बसल्या. "साक्षीदार तर मीपण आहे मग. त्यानं मला फोन केला होता. मॅडम, दोन मिनिटांत आलो, ओटीपी तयार ठेवा. मी भाजी गॅसवर ठेवून दारात उभी. दोनाची वीस मिनिटं झाली तरी पत्ता नाही."

मी मोबाईलमधली नोंद काढायला सांगितली. फोन अपघाताच्या दोन-तीन मिनिटे आधीचा होता. बाईंचे घर त्या वळणाच्या पुढच्याच गल्लीत. म्हणजे तो घरी जात नव्हता. तो मिक्सरचे भांडे द्यायला चालला होता. त्यांचा जबाब नोंदवून घेतला. जाताना त्या विचारून गेल्या की आता भांडे सोडता येईल का.

मला वाटले, धागा सापडला. पण त्याच आठवड्यात कंपनीचे पत्र आले आणि मी पुन्हा चक्रावलो. पत्रात दोन मुद्दे होते. एक, सदर चालक हा कंपनीचा कर्मचारी नाही. दोन, घटनेच्या वेळी तो प्रणालीतून बाहेर पडलेला होता, म्हणजे अ‍ॅप बंद, सबब कंपनीचा घटनेशी संबंध नाही. पत्रात ज्याचे नाव दिले होते त्या वाडीच्या ठेकेदाराला विचारले, तर तो म्हणाला की मी फक्त माणसे पुरवतो, मार्ग कंपनी ठरवते. कंपनी म्हणाली, आम्ही फक्त मार्ग दाखवतो, माणसे ठेकेदाराची. ज्या ऑनलाइन दुकानाच्या नावाची छाप पार्सलांवर होती, तिथले लोक म्हणाले की आम्ही फक्त विकतो. गाडी चालकाची स्वतःची. प्रत्येक जण फक्त काहीतरी करत होता. मी एका कोऱ्या कागदावर चौकोन काढले, बाण काढले, कोणाचा बाण कोणाकडे जातो ते पाहू लागलो. आमचे वरिष्ठ निरीक्षक मागून येऊन म्हणाले, "ही कोणती टोळी आहे?"

"टोळी नाही साहेब. एक पार्सल घरी पोचवतात."

ते म्हणाले, चालक मिळाला आहे, कबुली आहे, दोषारोपपत्र टाकून मोकळा हो. त्यांचे काही चुकत नव्हते. ठाण्यात पन्नास प्रकरणे पडून होती. एक अपघात, एक आरोपी. पण अपघातात माणूस गेला की तपास अधिकाऱ्याला आणखी एक कागद भरावा लागतो. अपघाताचा अहवाल, जो भरपाई ठरवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे जातो. त्यात लिहावे लागते की गाडी कोणाची, विमा आहे का, चालक कोणाच्या कामावर होता. गाडी चालकाची. विमा दोन महिन्यांपूर्वी संपलेला. गाडी कामावर घेताना कंपनीने विम्याची प्रत घेतली होती, संपल्यावर कोणी विचारले नाही आणि चालकानेही नवा काढला नाही. राहिली तिसरी गोष्ट. तिथे 'स्वतःच्या' असे लिहिले, की त्या कारकुनाच्या बायकोने आयुष्यभर या चालकाकडे हात पसरायचा, आणि चालकाकडे होती ती एक व्हॅन, जी आमच्या आवारात उभी होती.

कारकुनाच्या पत्नी चार-पाच दिवसांनी एकदा ठाण्यात येत. महाल भागात राहणाऱ्या, जुन्या घराण्यातल्या, बोलणे हळू. घरात अंथरुणाला खिळलेली सासू आणि कॉलेजात शिकणारी मुलगी. आल्या की बाकावर बसत, मी मोकळा होईपर्यंत. त्यांनी मला कधी भरपाईबद्दल विचारले नाही. एकदा फक्त म्हणाल्या, "साहेब, यांच्या एक्स-रे सेंटरचे डॉक्टर पहिल्याच दिवशी दवाखान्यात आले. कोनी विचारलं नोतं, तरी सगळ्यांसमोर म्हनाले की हा मानूस माझ्या कामाले निघाला होता. मग तो गाडीवाला कोनाच्या कामाले निघाला होता, एवढं मले सांगा."

मी म्हणालो, तपास चालू आहे. हे वाक्य मी हजारदा वापरले असेल. त्या दिवशी ते तोंडातून निघताना मला माझाच राग आला.

चालकाला पुन्हा बोलावले. प्रत्येक वेळी सुपरवायझर सोबत येई आणि याच्या वाटचीही उत्तरे तोच देई. या वेळी सुपरवायझरला बाहेर बसवले आणि त्याच्यासाठी चहा सांगितला. अशी माणसे चहा आला की उठत नाहीत.

चालक उमरेडकडचा. बापाचा हातमाग होता, तो आता माळ्यावर. याने आधी एका कारखान्यात काम केले, मग जुनी व्हॅन घेऊन या कामाला लागला. मी त्याच्यासमोर मुख्याध्यापिका बाईंचा जबाब ठेवला.

"घरी जाऊन राहिला होता, मग या बाईले फोन काहून केला?" मी मुद्दामच त्याच्या बोलीत विचारले.

त्याने जबाबाचा कागद माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाला, "ते एक द्यायचं राहिलं होतं. ते देऊन जानार होतो."

"आणि बाकीची पंचेचाळीस?"

"साहेब, मानूस माह्या हातानं मेला. मले जेलात टाका. पन अजून काही विचारू नका जी."

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. तुरुंगात जायला तयार असलेला माणूस तुरुंगापेक्षा आणखी कशाला घाबरतो? त्याच्या घरच्यांना कोणी धमकावले आहे का, पार्सलांत काही भलतेच आहे का, सगळे मनात येऊन गेले. त्याच दिवशी मी पंचांसमक्ष पार्सले उघडून पाहिली. बूट, चार्जर, साड्या, पुस्तके, एक पाळणा. संशय घ्यावा असे काही नव्हते, आणि माझा गोंधळ मात्र दुप्पट झाला.

मग कंपनीला लेखी नोटीस पाठवली. चालक त्या दिवशी प्रणालीत केव्हा आत आला, केव्हा बाहेर गेला, याची पूर्ण नोंद द्या. दोन स्मरणपत्रांनंतर कागद आले. मी समजत होतो की दोन ओळी असतील, सकाळी आत आणि अपघाताआधी बाहेर. आले ते तीन पाने भरून. आत, बाहेर, आत, बाहेर. चार मिनिटे बाहेर, दोन मिनिटे आत. सकाळी नऊपासून अपघातापर्यंत हा माणूस तीस-बत्तीस वेळा कामावरून गेला होता आणि परत आला होता. कंपनीच्या प्रतिनिधीला फोन केला. तो अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, ते वैयक्तिक विराम असतात. पाणी प्यायला, वगैरे. तो आमचा कर्मचारी नाही ना, पार्टनर आहे. त्याच्या मर्जीचा मालक."

"एप्रिलातलं नागपूर असलं तरी माणूस सकाळपासून बत्तीस वेळा पाणी पीत नाही हो," मी म्हणालो. तो हसला. मग फोन ठेवला.

एका सकाळी साध्या कपड्यांत वाडीला गेलो. ट्रकांची धूळ, गोदामांची उघडी शटरे, आणि समोर तर्री-पोह्यांची गाडी. वीस-पंचवीस व्हॅन लागलेल्या. चालक पार्सले लावत होते, प्रत्येक खोक्यावर जाड पेनने आपापली खूण करत. मी पोहे घेतले आणि बाजूला खात असलेल्या एका चालकाला विचारले की मला पण गाडी लावायची आहे, काम कसे आहे. मिशीवाला, बोलका माणूस होता.

"काम चांगलं आहे भाऊ. फक्त अ‍ॅप सांभाळता आलं पाह्यजे."

"म्हणजे?"

त्याने हात पुसले आणि मोबाईल दाखवला. "हे पाहा. दिवसाचे इतके डबे द्यायचे. टाइम मोबाईल ठरवते. टाइमात द्यायचं तर गाडी पळवा लागते. पन गाडी पळवली का तेच मोबाईल वेग पकडते आनं लाल निशान देते. तीन लाल झाले का रूट गेला."

"मग काय करता?"

"दाराशी चालू, रस्त्यावर बंद. डबा दिला का बंद करायचं, गाडी हानायची, दुसऱ्या दाराशी गेल्यावर चालू करायचं. सारेच तसे करून राहिले."

"कोणी सांगितलं असं करायला?"

तो आश्चर्याने माझ्याकडे पाहू लागला. "सुपरवायझरनं. पहिल्याच दिवशी. पहिले हेच शिकवते."

माझ्या हातातले पोहे तसेच राहिले. कितीतरी दिवस जे कागद मी उलटेसुलटे करून पाहत होतो, ते एकदम सरळ झाले. ही माणसे जेवढा वेळ गाडी चालवत होती, तेवढा वेळ कागदावर कामावर नव्हती. कामावर होती ती फक्त गाडी उभी असताना. आणि उभ्या गाडीखाली कोणी येत नाही. मिशीवाल्याला मी कोण ते सांगितले, तेव्हा त्याचा चेहरा पडला. हात जोडून म्हणाला, "साहेब, माहं नाव नका घेऊ. मी काही बोललोच नाही." त्याचा जबाब मी घेतला नाही. घेतला असता तर दुसऱ्या दिवशी त्याची गाडी त्या रांगेत दिसली नसती.

जबाब नसला तरी कागद होते. मी कंपनीकडे त्या गोदामातल्या सगळ्या गाड्यांची त्या दिवसाची नोंद मागितली. त्यांनी टाळाटाळ केली, न्यायालयामार्फत मागवतो म्हटल्यावर दिली. प्रत्येक गाडीचा कागद तसाच. आत, बाहेर, आत, बाहेर. प्रतिनिधी वकिलाला घेऊन ठाण्यात आला, तेव्हा मी त्यांच्यासमोर चालकाचा कागद ठेवला.

"हे पाहा. या घरी पार्सल दिलं तेव्हा तो आत. लगेच बाहेर. आठ मिनिटांनी दोन किलोमीटर दूरच्या घरी पुन्हा आत, आणि पार्सल दिलं. ही आठ मिनिटं तो स्वतःच्या मर्जीनं फिरत होता म्हणता. मग तुमचं पार्सल दोन किलोमीटर गेलं कसं? चालत?"

वकील म्हणाले, हा तांत्रिक मुद्दा आहे. प्रतिनिधी कागदाकडे पाहत राहिला. त्याने तो पहिल्यांदा पाहिला असावा असे मला वाटले नाही. अशा नोंदी त्यांच्या पडद्यावर रोज येत होत्या. कोणीतरी रोज पाहत असेल, किंवा पाहायचे नाही असे ठरले असेल. यातले खरे काय, ते मला आजही ठाऊक नाही.

मग चालकाला बोलावले, एकट्याला. सगळ्या गाड्यांचे कागद टेबलावर पसरले.

"हा तुझा. हा तुझ्या शेजारच्या गाडीचा. हा त्याच्या पलीकडचा. सगळे करत होते ना?"

तो खाली वाकून पाहू लागला. बोट ठेवून ओळी वाचत होता. आणि मग तो माणूस रडला. अपघाताच्या दिवशी नाही रडला, त्या दिवशी रडला. म्हणाला, "साहेब, मले वाटे कंपनीले हे माहीत नाही. मले वाटे आपन चोरून करून राहिलो. सुपरवायझर म्हने, हे बोलला तर कंपनीले फसवल्याची वेगळी केस होते, मंग बायकोपोरीयले कोन पाहीन. म्हनून मी म्हटलं, मानूस मारला त्याची शिक्षा भोगू, पन बेइमान नाही म्हनून घेनार."

एवढेच होते. ज्याला तो तुरुंगापेक्षा जास्त घाबरत होता ते एवढेच. ज्या लबाडीचा फायदा कंपनीला होत होता, ती लबाडी आपणच कंपनीशी केली असे समजून हा माणूस दोन महिने तोंड शिवून बसला होता. मला त्याच्यावर चिडावे की त्याची कीव करावी ते समजेना. चिडायलाही जागा होती. वेग त्याचाच होता, विमा त्यानेच संपू दिला होता. तसे मी त्याला सुनावले. तो म्हणाला, "हाव जी. गाडी तर मीच पळवली न." आणि नवीन जबाबावर सही केली. सुपरवायझरचाही जबाब घेतला. त्याने आधी कानांवर हात ठेवले. कागद दाखवल्यावर म्हणाला की मलाही माझ्या वरच्याने असेच शिकवले होते.

अहवाल लिहायला बसलो तेव्हा पेन पुढे सरकेना. चालक कोणाच्या कामावर होता, यासाठी छापील कागदावर एकच ओळ असते. वरिष्ठांना विचारले. ते म्हणाले, तुला जे दिसले ते लिही, ठरवायला न्यायाधिकरण आहे. मी ठेकेदार लिहिला, मालवाहतूक कंपनी लिहिली, पार्सलवर छाप असलेले दुकान लिहिले, आणि चालक घटनेच्या वेळी त्यांचे पार्सल त्यांनी ठरवलेल्या वेळेत पोचवण्यासाठी जात होता, असे लिहिले. ओळ संपली, म्हणून वेगळा कागद जोडला. सोबत सगळ्या गाड्यांच्या नोंदी आणि मिक्सरच्या भांड्याचा जबाब.

न्यायाधिकरणात माझी साक्ष झाली तेव्हा मी निवृत्त झालो होतो. वकिलांनी मला तासभर उलटेसुलटे विचारले. एक प्रश्न तर चारदा विचारला, की गाडी चालवणारा माणूस एकच होता ना. चारही वेळा मी 'हो' म्हणालो, कारण ते खरे होते. पुढे काही महिन्यांनी निकाल लागला. ठेकेदार आणि कंपनी, दोघांना चालकाबरोबर जबाबदार धरले गेले. कंपनी वरच्या न्यायालयात गेली आहे, ते चालू आहे. फौजदारी खटल्यात मात्र शिक्षा एकालाच झाली, ज्याने ती आधीपासूनच मागितली होती. त्या खटल्यात बाकीच्यांना आरोपी करण्याइतके माझ्या हाताला काही लागले नव्हते. तरी त्यांना आरोपी करण्याचा प्रस्ताव मी वर पाठवला होता, तो परत आला.

न्यायाधिकरणाच्या निकालाच्या दिवशी मी मुद्दाम तिथे गेलो होतो. बाहेर झाडाखाली त्या बाई मुलीबरोबर उभ्या होत्या. निकालाची प्रत मुलीच्या हातात. मला पाहिल्यावर म्हणाल्या, "साहेब, तुमी लिवलं होतं ते यात आलं का? वाचून दाखवा."

मी वाचून दाखवले. चालकाचे नाव, मग ठेकेदाराचे, मग कंपनीचे. त्या लक्षपूर्वक ऐकत होत्या. माझे वाचून झाल्यावर त्यांनी तिन्ही नावे बोटांवर मोजली.

मग म्हणाल्या, "एवढे सारे जन होते त्या गाडीत. आनं ब्रेक एकट्याच्याच पायाखाली?"

मी प्रत मुलीच्या हातात परत दिली. तीस-बत्तीस वर्षे मी अपघातांचे पंचनामे केले. प्रत्येक वेळी रस्त्यावरच्या ब्रेकच्या खुणा मोजल्या, गाडीत कोण होता ते लिहिले आणि त्याला धरून आणले. हीच पद्धत मी नव्या फौजदारांना शिकवली. गाडीत नसलेल्या, थंड खोलीत पडद्यावर वेळ ठरवणाऱ्या माणसाला शोधायला मला कोणी शिकवले नव्हते, आणि शोधल्यावर त्याला बसवायला माझ्या कागदावर जागा नव्हती. त्या बाईंसमोर उभे राहून मला लाज वाटली. मी काही चुकीचे केले म्हणून नाही. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला स्वतःला एकदाही पडला नव्हता, म्हणून.